विकत घेतलेल्या फोनातील न मागितलेली अॅप

नव्या स्मार्टफोनमध्ये ग्राहकाने स्वतः एकही अॅप घेण्यापूर्वी कितीतरी अॅप भरलेली असतात. त्यांतील काहींवाचून फोन चालूच शकत नाही, काही सोयीची असतात, आणि काही मात्र कोणीतरी त्या जागेचे पैसे मोजले एवढ्याच कारणाने तेथे असतात. खरेदीची, बातम्यांची, खेळांची, व्हिडिओंची, उत्पादक कंपनीच्या स्वतःच्या अॅप-दुकानाची अशी ही तिसऱ्या प्रकारची अॅप, ज्यांना संगणकक्षेत्रात ‘ब्लोटवेअर’ म्हणतात, साठवणुकीची जागा अडवतात, पडद्याआड चालू राहून बॅटरी आणि इंटरनेटचा डेटा खर्च करतात, वेळीअवेळी सूचना पाठवतात आणि वापरकर्त्याच्या सवयींची माहिती गोळा करतात. ती काढायला जावे तर अनेकदा ‘अनइन्स्टॉल’ हे बटणच सापडत नाही. हे बटण का नसते आणि ते नसण्यामागे तंत्राची गरज किती व व्यापाराची सोय किती, हे उलगडले की कोणते अॅप कसे काढावे आणि कोणत्याच्या वाटेला जाऊ नये हे ठरवणेही सोपे जाते.

भारतात विकले जाणारे बहुतेक स्मार्टफोन अँड्रॉइड या कार्यप्रणालीवर चालतात. कार्यप्रणाली म्हणजे फोनचे सुटे भाग आणि अॅप यांच्यामध्ये राहून सर्व कामांची व्यवस्था पाहणारी मूळ यंत्रणा. अशा फोनमधील साठवण एकसंध दिसत असली तरी आतून ती वेगवेगळ्या विभागांत वाटलेली असते. एका विभागात, ज्याला ‘सिस्टिम’ म्हणतात, कार्यप्रणाली आणि तिच्यासोबत कारखान्यात भरलेली अॅप असतात, आणि फोन वापरात असताना हा विभाग केवळ वाचता येतो, त्यात लिहिता किंवा त्यातून काही पुसता येत नाही. दुसऱ्या विभागात, ज्याला ‘डेटा’ म्हणतात, वापरकर्त्याने घेतलेली अॅप, त्याची छायाचित्रे, संदेश आणि प्रत्येक अॅपने साठवलेली माहिती राहते. प्ले स्टोअरमधून घेतलेले अॅप डेटा विभागात उतरत असल्याने ते केव्हाही काढता येते. कारखान्यात भरलेले अॅप मात्र सिस्टिम विभागात असेल तर त्याला हात लावण्याची मुभा वापरकर्त्याला नसते. फोन ‘फॅक्टरी रिसेट’ केला, म्हणजे कारखान्यातून निघाला तेव्हाच्या स्थितीत परत नेला, तर डेटा विभाग रिकामा होतो आणि सिस्टिम विभाग जसाच्या तसा राहतो, त्यामुळे रिसेट करून नकोशी अॅप जातील ही समजूत चुकीची ठरते. उलट प्रयत्नपूर्वक हटवलेली अॅपसुद्धा रिसेटनंतर परत येतात.

सिस्टिम विभाग असा बंदिस्त ठेवण्यामागे भक्कम कारण आहे. कार्यप्रणालीत कोणालाही फेरफार करता आला असता, तर एखादे घातक अॅप तिच्या मुळाशी जाऊन बसले असते आणि रिसेटनेही निघाले नसते. म्हणून अँड्रॉइडमध्ये फोन सुरू होतानाच सिस्टिम विभागाची तपासणी होते: त्यातील मजकुरावरून गणिती पद्धतीने काढलेली खूण उत्पादकाने डिजिटल सही केलेल्या खुणेशी जुळवून पाहिली जाते, आणि एका अक्षराचाही फरक आढळला तर फोन इशारा देतो किंवा सुरू होण्यास नकार देतो. ही तपासणी अँड्रॉइडच्या ४.४ या आवृत्तीपासून आली आणि २०१६ च्या ७.० या आवृत्तीपासून काटेकोरपणे अमलात आली. ज्या फोनवरून बँकेचे व्यवहार होतात, यूपीआयने भाजीवाल्याला पैसे दिले जातात आणि आधारशी जोडलेले संकेतांक येतात, त्या फोनवर असा पहारा असणे केवळ योग्य नव्हे, अत्यावश्यक आहे.

अडचण ही की सुरक्षेसाठी उभारलेल्या या तटबंदीच्या आत, जेथे केवळ कार्यप्रणाली असायला हवी तेथे, जाहिरातींसाठी आणि आर्थिक करारांसाठी घेतलेली अॅपही ठेवली गेली. फोन लावण्याचे अॅप, संपर्कांची साठवण, सेटिंग्ज, कॅमेरा यांना जे संरक्षण मिळाले तेच एखाद्या समाजमाध्यमाच्या किंवा खरेदीच्या अॅपला मिळाले. ते काढता न येण्यात तांत्रिक अपरिहार्यता काहीच नाही, कारण तेच अॅप उत्पादकाने डेटा विभागात ठेवले असते तर ते एका स्पर्शाने निघाले असते, आणि अनेक उत्पादक काही भागीदार अॅप तशी ठेवतातही. म्हणजे कोणते अॅप कोठे बसवायचे हा निर्णय तंत्राने नव्हे तर उत्पादकाने घेतलेला असतो, आणि ग्राहकाला तो सहसा सांगितलाही जात नाही.

आत बसवलेल्या अॅपला लाभणारी खरी ताकद मात्र न काढता येण्यापुरती नाही. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अॅपला कॅमेरा, ध्वनिग्राहक, ठिकाण, संपर्क, संदेश इत्यादींसाठी परवानगी घ्यावी लागते आणि सामान्य अॅपला ती वापरकर्ता देतो किंवा नाकारतो. पण सिस्टिम विभागातील विशेष दर्जाच्या अॅपना काही परवानग्या विचारल्याविना मिळतात, आणि त्यांतील काही परवानग्या तर अशा आहेत की प्ले स्टोअरमधून आलेल्या अॅपला त्या कधी मिळूच शकत नाहीत. वापरकर्त्याला न विचारता दुसरे अॅप फोनमध्ये उतरवण्याची परवानगी ही त्यांतील सर्वांत महत्त्वाची म्हणावी लागेल. काही फोनांत ‘हॉट अॅप्स’ किंवा ‘हॉट गेम्स’ अशा नावांचे कप्पे दिसतात आणि त्यांत चुकून बोट लागताच नवे अॅप उतरू लागते, त्यामागे उत्पादकाच्या अॅप-दुकानाला मिळालेली हीच सवलत असते. काही फोनांत एखाद्या मोठ्या समाजमाध्यमाचे अॅप वरकरणी एकच दिसते, पण त्याच्यामागे चिन्ह नसलेली दोन-तीन सहायक अॅप असतात, जी मुख्य अॅप उतरवण्याचे आणि अद्ययावत ठेवण्याचे काम करतात. मुख्य अॅप काढले तरी ही सहायक अॅप जागच्या जागी राहतात. २०१९ च्या जानेवारीत सॅमसंगच्या काही फोनांवरील फेसबुक काढता येत नाही, केवळ बंद करता येते, याची जगभर चर्चा झाली, आणि बंद केलेले अॅप काढून टाकल्यासारखेच असते, ते माहिती गोळा करत नाही, असे स्पष्टीकरण फेसबुकला द्यावे लागले. ते स्पष्टीकरण खरे मानले, तरी ज्याने फोनचे पूर्ण पैसे मोजले त्याला अशा खुलाशावर विसंबून राहावे लागावे, हेच खटकणारे आहे.

या अॅपच्या दुनियेकडे बाहेरच्या अभ्यासकांचे लक्ष उशिराच गेले. माद्रिदच्या इम्डिया नेटवर्क्स या संस्थेतील संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह १३० देशांतील वापरकर्त्यांच्या मदतीने, २०० हून अधिक उत्पादकांच्या १,७०० हून अधिक प्रकारच्या उपकरणांवरील आधीपासून भरलेल्या अॅपची छाननी केली आणि २०१९ मध्ये तिचे निष्कर्ष मांडले. फोन एका कंपनीच्या नावाने विकला जात असला तरी त्यातील अॅप चिप बनवणारे, दूरसंचार कंपन्या, जाहिरात व विश्लेषण करणाऱ्या संस्था अशा अनेकांकडून आलेली असतात, त्यांच्यातील संबंध बाहेरून दिसत नाहीत, आणि नेमके कोणते अॅप कोणाच्या जबाबदारीचे आहे हे शोधणेही अवघड जाते, असे त्यांना आढळले. या अपारदर्शकतेची किंमत काय असू शकते हे त्याआधीच दिसून आले होते. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये क्रिप्टोवायर या अमेरिकी सुरक्षासंस्थेने दाखवून दिले की ब्लू या कंपनीच्या स्वस्त फोनांत भरलेली, अडप्स या चिनी कंपनीची, फोन अद्ययावत करणारी प्रणाली वापरकर्त्यांचे लघुसंदेश, संपर्कयादी आणि कॉलची नोंद चीनमधील सर्व्हरकडे परस्पर पाठवत होती. २०१९ च्या जूनमध्ये तर गूगलनेच मान्य केले की ट्रायडा नावाचा घातक प्रोग्राम काही स्वस्त फोनांत कारखान्यातूनच शिरला होता. चेहरा ओळखून कुलूप उघडण्यासारखी सोय जोडून घेण्यासाठी उत्पादकांनी कार्यप्रणालीची प्रत तिसऱ्याच पुरवठादाराच्या हाती दिली आणि त्या वाटेने तो आत आला. सर्वच आधीपासून भरलेली अॅप अशी घातक असतात असे मुळीच नाही, बहुसंख्य केवळ उपद्रवी असतात. पण आत येण्याचे दार सर्वांना सारखेच उघडे असल्याने उपद्रवी कोण आणि घातक कोण हे सामान्य ग्राहकाला बाहेरून ओळखता येत नाही.

ही अॅप भरण्यामागचे अर्थकारण साधे आहे. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या फोनांवर उत्पादकाला सुटणारा नफा थोडा असतो. शाओमी कंपनीचे प्रमुख लेई जून यांनी २०१८ च्या एप्रिलमध्ये जाहीर केले की यंत्रांच्या विक्रीवरील कंपनीचा निव्वळ नफा ५ टक्क्यांच्या वर जाऊ दिला जाणार नाही. उरलेली कमाई इंटरनेट सेवांतून, म्हणजे जाहिराती, खेळ, अॅप-दुकान यांतून करण्याचा तो उघड मार्ग होता. ग्राहकाला फोन स्वस्त पडतो हे खरे, पण दुकानात सांगितलेली किंमत अपुरी असते. तिचा उरलेला भाग पुढची दोन-तीन वर्षे पडद्यावरील जागा, लक्ष आणि माहिती या रूपाने वसूल होत राहतो. ज्याने महाग फोन घेतला त्याच्या वाट्याला हा उपद्रव कमी येतो, आणि ज्याच्याकडे साठवणूक आधीच तुटपुंजी, डेटाचा रिचार्ज मोजून केलेला, आणि कुटुंबात एकाच फोनवर मुलांचा अभ्यास आणि थोरांचे व्यवहार चालतात, त्याच्या वाट्याला सर्वाधिक येतो. अनिष्ट अॅपचा प्रश्न तांत्रिक चोखंदळांचा नसून सर्वसामान्यांचा आहे, असे म्हणण्याचे कारण हेच.

उत्पादकाखेरीज दुसरा मोठा हितसंबंधी म्हणजे गूगल. अँड्रॉइडचा गाभा मुक्त असला आणि तो कोणालाही घेता येत असला, तरी प्ले स्टोअर आणि त्याला जोडलेल्या सेवा फोनवर देण्यासाठी उत्पादकाला गूगलशी करार करावा लागतो, आणि त्या करारानुसार शोधयंत्र, क्रोम, जीमेल, नकाशे, यूट्यूब असा सगळा संच एकत्र घ्यावा लागत असे. प्ले स्टोअरवाचून फोन विकणे चीनबाहेर जवळजवळ अशक्य असल्याने हा संच नाकारण्याचे स्वातंत्र्य कागदावरच राहिले. युरोपीय आयोगाने २०१८ च्या जुलैमध्ये याच पद्धतीसाठी गूगलला ४.३४ अब्ज युरोंचा दंड केला. २०२२ मध्ये न्यायालयाने तो थोडा कमी करून बव्हंशी कायम ठेवला.

हा वाद स्मार्टफोनपेक्षाही जुना आहे. १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर भरलेल्या खटल्यात, विंडोजमध्ये बसवलेला इंटरनेट एक्सप्लोरर हा ब्राउझर काढता येतो की तो कार्यप्रणालीचा अविभाज्य भाग आहे, हाच कळीचा मुद्दा होता, आणि प्रिन्स्टन विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ एडवर्ड फेल्टन यांनी तो काढून दाखवणारा प्रोग्राम न्यायालयापुढे मांडला होता. ‘हे वेगळे करताच येत नाही’ असा कंपनीचा दावा आणि ‘येते’ असे बाहेरच्या तज्ज्ञाचे प्रत्यक्ष उत्तर, हा प्रसंग त्यानंतर वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा घडत आला आहे.

दक्षिण कोरियाच्या सरकारने २०१४ मध्येच मार्गदर्शक सूचना काढून अनावश्यक अॅप वापरकर्त्याला काढता आली पाहिजेत असे ठरवले. चीनमध्ये २०१५ च्या जुलैमध्ये शांघायच्या ग्राहक हक्क संस्थेने सॅमसंग आणि ओप्पो या कंपन्यांवर खटले भरले, कारण त्यांच्या तपासलेल्या फोनांत अनुक्रमे ४४ आणि ७१ अॅप आधीपासून भरलेली निघाली आणि ती काढण्याची सोय नव्हती. पुढे १ जुलै २०१७ पासून मूलभूत कामांची अॅप वगळता इतर सर्व काढता आली पाहिजेत असा नियम तेथे लागू झाला. युरोपीय संघाच्या डिजिटल बाजारपेठ कायद्याने सर्वांत नेमकी कसोटी घालून दिली आहे. कार्यप्रणालीच्या किंवा उपकरणाच्या कामासाठी जे अॅप अत्यावश्यक आहे आणि जे तांत्रिकदृष्ट्या दुसऱ्या कोणाला स्वतंत्रपणे देता येत नाही, तेवढेच न काढता येण्याजोगे ठेवावे, बाकी सर्व सहज काढता आले पाहिजे, असे तो कायदा सांगतो, आणि मोठ्या कंपन्यांवर तो मार्च २०२४ पासून बंधनकारक झाला. त्याचा परिणाम अॅपलवरही झाला. आयफोनवरील काही अंगभूत अॅप २०१६ च्या आयओएस १० पासून काढता येऊ लागली होती, पण ती सर्व मिळून १५० मेगाबाइटपेक्षाही कमी जागा घेतात असे सांगून कंपनी त्यांच्या काढण्याला फारसे महत्त्व देत नसे. २०२४ मध्ये मात्र युरोपातील वापरकर्त्यांसाठी सफारी, कॅमेरा, छायाचित्रे, संदेश, इतकेच काय अॅप स्टोअरसुद्धा काढण्याची मुभा तिला द्यावी लागली. कालपर्यंत वेगळे होऊ न शकणारे अॅप कायदा येताच वेगळे होते, ही बाब या साऱ्या वादाबद्दल बरेच सांगून जाते.

भारतात हा प्रश्न स्पर्धा कायद्याच्या वाटेने आला. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, संपूर्ण संच सक्तीने भरायला लावणे आणि तो काढण्याचा पर्याय न देणे ही अनुचित अट आहे असे म्हटले, आणि आधीपासून भरलेली आपली अॅप काढण्यास गूगलने वापरकर्त्यांना प्रतिबंध करू नये असा स्पष्ट निर्देश दिला. २०२३ च्या जानेवारीत गूगलने भारतातील उत्पादकांना आपली अॅप सुटी सुटी घेण्याची मोकळीक जाहीर केली. पण २९ मार्च २०२३ रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवताना आयोगाचे चार निर्देश रद्द केले आणि त्यांत अॅप काढू देण्याचा निर्देशही होता. हा वाद नंतर सर्वोच्च न्यायालयात गेला. ग्राहकाच्या दृष्टीने पाहता आयोगाच्या आदेशातील सर्वांत उपयोगी ओळ अशा रीतीने पुसली गेली, हे खेदाने नोंदवावे लागते. शिवाय तो आदेश गूगलच्या अॅपपुरता होता; उत्पादकांनी स्वतः भरलेल्या अॅपना तो लागू नव्हताच.

अॅप भरण्याचा मोह केवळ कंपन्यांना होतो असेही नाही. दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ च्या निर्देशाने, चोरीचे फोन शोधणे आणि फसवणुकीची तक्रार नोंदवणे यांसाठी असलेले ‘संचार साथी’ हे अॅप सर्व नव्या फोनांत भरण्याचे आणि त्याच्या कार्यात अडथळा येणार नाही असे पाहण्याचे बंधन उत्पादकांवर घातले. ते नागरिकांच्या खासगीपणावरील आक्रमण ठरेल अशी टीका झाली, ते काढता येईल असा खुलासा मंत्र्यांनी केला, आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेण्यात आली. अॅपचा हेतू लोकोपयोगी होता यात शंका नाही. तरीही उपयुक्त अॅप लोक आपणहून घेतात आणि नको झाले तर काढतात, ही मुभा चांगल्या हेतूच्या अॅपलाही लागू राहिली पाहिजे.

कायद्याची वाट लांबची असल्याने हाती असलेले उपाय पाहणे भाग आहे, आणि त्यांत सोप्यापासून सुरुवात करणे शहाणपणाचे ठरते. नवा फोन सुरू करताना ‘शिफारस केलेली अॅप’ अशी एक यादी दाखवली जाते आणि तिच्यातील चौकटींत आधीच खुणा केलेल्या असतात. घाईने पुढे न जाता त्या खुणा काढल्या तर निम्मा त्रास तेथेच टळतो. त्यानंतर सेटिंग्जमधील अॅपच्या यादीत जाऊन एकेक अॅप उघडून पाहावे. जेथे ‘अनइन्स्टॉल’ दिसते ते अॅप डेटा विभागात असते आणि निर्धास्तपणे काढता येते. जेथे ते दिसत नाही तेथे बहुधा ‘डिसेबल’, म्हणजे अॅप बंद करण्याचे बटण असते. ही सोय अँड्रॉइडमध्ये २०११ च्या ४.० या आवृत्तीपासून आहे. बंद केलेले अॅप मुख्य पडद्यावरून दिसेनासे होते, पडद्याआड चालत नाही, सूचना पाठवत नाही आणि अद्ययावतही होत नाही. याच्या शेजारी असणारे ‘सक्तीने थांबवा’ हे बटण वेगळे आहे, कारण त्याने अॅप तेवढ्यापुरते थांबते आणि पुन्हा सुरू होऊ शकते. बंद करण्यापूर्वी त्या अॅपच्या नंतर आलेल्या सुधारित आवृत्त्या आणि त्याने साठवलेली माहिती पुसून टाकावी, कारण या दोन्ही गोष्टी डेटा विभागात असतात आणि खरी मोकळी होणारी जागा तीच असते. नुसत्या सुधारणा काढून अॅप चालू ठेवणे मात्र चुकीचे आहे. तसे केल्यास कारखान्यातील जुनी आवृत्ती उरते आणि तिच्यातील सुरक्षेच्या उणिवा पुन्हा उघड्या पडतात.

काही उपद्रव अॅप काढून नव्हे तर त्याची परवानगी मागे घेऊन थांबतो. शाओमीच्या फोनांत जाहिराती पुरवणारे ‘एमएसए’ नावाचे एक अंगभूत अॅप असते आणि त्याला दिलेला अधिकार सेटिंग्जमधील अधिकार मागे घेण्याच्या पानावरून काढून घेता येतो. कुलूपबंद पडद्यावर चित्रे आणि बातम्या दाखवणारी ‘ग्लान्स’ ही सेवा त्या पडद्याच्या सेटिंग्जमधून बंद करता येते. आणि अनेक उत्पादकांच्या फोनांत ‘शिफारशी दाखवा’ अशा अर्थाचा एक पर्याय अॅप-दुकानात, फाइल पाहण्याच्या अॅपमध्ये आणि कप्प्यांमध्ये वेगवेगळा दडलेला असतो, तो प्रत्येक ठिकाणी जाऊन बंद करावा लागतो. हे काम कंटाळवाणे आहे खरे, पण त्यासाठी तांत्रिक ज्ञान लागत नाही आणि फोनला काडीचाही धोका नसतो.

जेथे बंद करण्याचे बटणही नसते किंवा ते फिके करून निकामी ठेवलेले असते, तेथे संगणकाची मदत घ्यावी लागते. अॅप बनवणाऱ्यांना फोनची तपासणी करता यावी म्हणून गूगलने ‘अँड्रॉइड डिबग ब्रिज’, संक्षेपाने ‘एडीबी’, हे साधन दिले आहे आणि ते गूगलच्या अधिकृत संकेतस्थळावरून विनामूल्य मिळते. फोनच्या माहितीच्या पानावरील ‘बिल्ड नंबर’ या ओळीवर सात वेळा बोट ठेवले की एरवी दडलेले ‘डेव्हलपर पर्याय’ उघडतात; त्यांतील ‘यूएसबी डिबगिंग’ सुरू करून फोन संगणकाला जोडला की या संगणकावर विश्वास ठेवायचा का असा प्रश्न फोन विचारतो, आणि होकार दिल्यावर संगणकावरून लेखी आज्ञा देऊन अॅप हटवता येते. प्रत्येक अॅपचे एक अंतर्गत नाव असते, संकेतस्थळाचा पत्ता उलट्या क्रमाने लिहावा तसे, आणि आज्ञेत हे नाव अचूक द्यावे लागते. आज्ञा लिहिण्याची सवय नसणाऱ्यांसाठी ‘युनिव्हर्सल अँड्रॉइड डीब्लोटर’ हा मुक्त प्रोग्राम हेच काम याद्या आणि बटणे दाखवून करतो, आणि कोणते अॅप काढण्यास हरकत नाही, कोणते जाणकारानेच काढावे, कोणते धोक्याचे, अशी वर्गवारीही पुरवतो.

या आज्ञेने नेमके काय घडते हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. एका अँड्रॉइड फोनवर अनेक वापरकर्त्यांची खाती असू शकतात आणि पहिल्या खात्याचा क्रमांक शून्य असतो. आज्ञा देताना ‘शून्य क्रमांकाच्या वापरकर्त्यासाठी हे अॅप काढ’ असे सांगितले जाते, आणि फोन त्या खात्यापुरते ते अॅप नाहीसे करतो. सिस्टिम विभागातील त्याची प्रत जागेवरच असते. शिलालेखावर कापड टाकावे तशी ती झाकली जाते, खोडली जात नाही. म्हणूनच सिस्टिम विभागातील जागा याने वाढत नाही, आणि १६ किंवा ३२ गिगाबाइटच्या फोनमध्ये मोठी जागा निर्माण होईल अशी अपेक्षा ठेवणाऱ्याची निराशा होते. पण याच कारणाने ही पद्धत तुलनेने सुरक्षित आहे: सिस्टिम विभागाला धक्का न लागल्याने सुरू होतानाची तपासणी सुरळीत पार पडते, बँकांची अॅप चालत राहतात, आणि चूक झाली तर दुसऱ्या एका आज्ञेने तेच अॅप त्याच्या मूळ प्रतीवरून परत बसवता येते. काम संपल्यावर यूएसबी डिबगिंग बंद करण्यास विसरू नये, आणि दूरध्वनीवरून कोणी अनोळखी माणूस ते सुरू करायला सांगत असेल तर तो फसवणुकीचा प्रयत्न समजावा.

धोका उरतो तो अॅपच्या निवडीत. नावावरून निरुपयोगी वाटणारे अॅप दुसऱ्या महत्त्वाच्या अॅपचा आधार असू शकते. पडद्याची मांडणी सांभाळणारे अॅप, दूरध्वनी आणि संपर्कांची साठवण, अॅप बसवणारे अॅप, इतर अॅपना संकेतस्थळे दाखवण्यासाठी लागणारे ‘वेबव्ह्यू’ आणि गूगलच्या प्ले सेवा यांना हात लावू नये. कळफलक किंवा मुख्य पडद्याचे अॅप काढायचे असेल तर त्याच्या जागी दुसरे आधी बसवून मगच काढावे, कारण कळफलकावाचून पासवर्डही टाकता येत नाही. शाओमीच्या अनेक फोनांत हरवलेला फोन शोधणारे अॅप काढल्यास फोन अर्धवट सुरू होऊन पुन्हा पुन्हा बंद पडतो आणि शेवटी सर्व माहिती पुसावी लागते. म्हणून महत्त्वाच्या माहितीची प्रत आधी दुसरीकडे ठेवावी, एका वेळी एकच अॅप काढावे, फोन बंद करून पुन्हा सुरू करावा, एक-दोन दिवस वापरून पाहावा, आणि काढलेल्या नावांची नोंद ठेवावी.

याच्याही पुढची पद्धत म्हणजे फोन ‘रूट’ करणे, म्हणजे कार्यप्रणालीवरील सर्वोच्च अधिकार मिळवणे. त्यासाठी आधी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना सर्वप्रथम चालणारा व पुढील तपासणी करणारा प्रोग्राम, मोकळा करावा लागतो, आणि तसे करताना फोनमधील सर्व माहिती पुसली जाते. सॅमसंगच्या फोनांत नॉक्स या सुरक्षाव्यवस्थेतील एक खूण कायमची बदलते आणि कंपनीची सुरक्षित साठवण पुन्हा कधीच चालत नाही. बँकांची आणि पैसे देण्याघेण्याची कित्येक अॅप रूट केलेला फोन ओळखून काम करण्यास नकार देतात. अभ्यासासाठी वेगळा ठेवलेला जुना फोन असेल तर गोष्ट निराळी. रोजच्या व्यवहाराच्या फोनवर केवळ चार-सहा अॅप घालवण्यासाठी सारी तटबंदी पाडणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

एडीबीने हटवलेली अॅप कार्यप्रणालीच्या मोठ्या सुधारणेनंतर कधीकधी परत येतात, क्वचित नवी अॅपही सोबत येतात, म्हणून अशा प्रत्येक सुधारणेनंतर अॅपची यादी पुन्हा पाहणे आवश्यक ठरते. फोन विकताना किंवा घरात दुसऱ्याला देताना रिसेट केला की झाकलेले सारे पुन्हा उघडे होते, आणि जुना फोन हाती घेणाऱ्याला, जो बहुधा घरातील वयस्कर किंवा नुकताच फोन वापरू लागलेला माणूस असतो, तोच जाहिरातींचा आणि सूचनांचा भार पहिल्यापासून सोसावा लागतो. आधीच्या वापरकर्त्याने ठेवलेली नावांची नोंद अशा वेळी त्याच्या हाती दिली, किंवा फोन देण्यापूर्वी त्याच्यासाठी ती अॅप आपणच बंद करून दिली, तर त्याचा तेवढा त्रास वाचतो.